सोलापूरहून आंबोली : एसटीने, घरगुती मुक्काम, चौघांना बारा हजारांत जमेल का?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. नवरा-बायको, आई (वय ६८) आणि मुलगा (वय ९), असे चौघे. हॉटेल-रिसॉर्ट नको. कौलारू घर, चुलीवरचं जेवण, भोवती जंगल आणि शांतता एवढंच हवं. महाबळेश्वर नको, गर्दी फार. डोक्यात आंबोली आहे. बजेट सगळं धरून बारा हजार. तीन मुक्काम बसतील का? कधी जावं? सोलापूरहून नेमकं कसं पोचायचं? जुलै-ऑगस्टचा विचार होता.

टप्पावाहक
आधी प्रवासाचं गणित मांडतो, बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

सोलापूर–मंगळवेढा–सांगोला–मिरज–कोल्हापूर साधारण २३० किमी. पुढे कोल्हापूर–आजरा–आंबोली सव्वाशेच्या आत. एकूण ३४५ धरा. एसटीचा टप्पा ६ किमीचा असतो. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. म्हणजे ५८ टप्पे, वरचे किरकोळ आकार धरून एका बाजूला सहाशे.

तुमच्यात पूर्ण तिकीट एकट्या पुरुषाला. बायकोला महिला सवलतीत अर्धं, मुलाला ५ ते १२ वयाचं अर्धं, आईंनाही अर्धंच. ६५ ते ७५ ची ज्येष्ठ सवलत आणि महिला सवलत एकावर एक मिळत नाहीत, तेव्हा पाव तिकिटाची आशा ठेवू नका. आधार मात्र जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवरून वाद होतात. जाऊन-येऊन १२०० + ६०० + ६०० + ६०० = ३०००.

'आवडेल तेथे प्रवास' पास काढू का, असा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो : तुमच्यासाठी नाही. तो रोज नव्या गावाला फिरणाऱ्याला परवडतो. एक जाणं आणि एक येणं यात पूर्ण तिकीटवाल्याचेही पैसे वसूल होत नाहीत, अर्धं तिकीटवाल्याचा तर तोटाच.

भीमाकाठ
टप्पावाहकांनी एक महत्त्वाची गोष्ट सोडली. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवर 'सावंतवाडी' पाटी दिसली की लोक चढून बसतात. सावंतवाडीला जाणारी प्रत्येक गाडी आंबोलीवरून जात नाही. काही गगनबावड्यावरून, काही राधानगरी-फोंड्यावरून उतरतात. त्यात बसलात तर आधी तळकोकणात उतराल आणि मग सावंतवाडीहून परत घाट चढून वर याल. म्हणून चढण्याआधी वाहकाला 'आजरा-आंबोलीमार्गे का?' असं शब्दशः विचारा. पाटीवर खाली बारीक अक्षरांत मार्ग लिहिलेला असतो, पण पाटी बदलायची राहिलेलीही असते.

थेट गाडी चुकली तर स्टँडवर ताटकळू नका. गडहिंग्लज किंवा आजऱ्याची गाडी धरा, त्या बऱ्याच असतात. आजऱ्यातून आंबोली पस्तीसेक किमी. फक्त आजरा दिवस मावळायच्या आत सोडा. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात आणि त्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. आजरा-चंदगड भागात रानहत्तीचाही वावर आहे. दुचाकीवाल्यांनी तर हा रस्ता रात्री धरूच नये. गवा काळा, रस्ता काळा, त्यात धुकं. दिव्याच्या उजेडात तो दिसेपर्यंत ब्रेक लावायला जागा उरलेली नसते.

सातरस्ता
बापरे. आणि घाट? आईला गाडी लागते.

भीमाकाठ
तिथं तुम्ही नशीबवान आहात. आंबोली घाटमाथ्यावर आहे, उंची साधारण ६९० मीटर. आपण देशावरून जातो म्हणजे अर्धी उंची आधीच चढलेले असतो. आजऱ्याकडून रस्ता वळत-वळत हळूहळू चढतो. खरा घाट आंबोलीच्या पलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला आहे. वळणं, दरडी, धबधब्यापाशी गाड्यांची रांग हे सगळं तिकडं. म्हणून 'आंबोली घाट बंद' अशी बातमी आली तरी कोल्हापूरकडून आंबोली गाठता येते.

जुलै-ऑगस्टला सोलापूरकरांची खरी अडचण वेगळीच आहे, पंचगंगा आणि कृष्णा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. दर वर्षी तसं होतं असं नाही. पण राधानगरीचे दरवाजे उघडले, पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली अशा बातम्या सुरू झाल्या की प्रवास पुढं ढकला.

कडकभाकरी
जुलै-ऑगस्ट सोडाच की ओ. आपल्याकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात औंदा बरा झाला. तिथं सात हजारांच्या घरात पडतो. नऊ वर्षांचं पोरगं आणि ६८ च्या मावशी घेऊन तुम्ही तीन दिवस खिडकीतून पांढरं बघत बसणार. त्यात शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यावर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. शांतता हवी म्हणता ना?

रानवाट
कडकभाकरींशी सहमत, पण अर्धाच. पाऊसच बघायचा असेल तर जुलैसारखा महिना नाही. हिरवा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं बांधतो तो जून-जुलैतच. आंबोली टोड नावाचा छोटा भेक जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, दिसतो तोही पावसाळ्यातच. सप्टेंबरअखेर गेलात तर यातलं फारसं दिसणार नाही, ते आधीच मनाशी धरून जा. पण कुटुंब बघता सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हाच काळ बरोबर. धबधब्यांना पाणी असतं, पाऊस उघडीप देतो, सड्यांवर फुलं असतात. मे महिन्यात जाणारे हमखास निराश होतात. धबधबे कोरडे. हवा मात्र आपल्या बेचाळीसपेक्षा कितीतरी बरी, आणि करवंदं-जांभळं.

टप्पावाहक
तारखा ठरवताना तीन गोष्टी टाळा.

आषाढी आणि कार्तिकी : राज्यभरातल्या गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि आपला मंगळवेढा-सांगोला रस्ताही भरलेला असतो.

गणपती : गाड्या मुंबईहून कोकणात चाकरमानी न्यायला जातात, त्यामुळे आपल्याकडच्या फेऱ्या कमी होतात. शिवाय आंबोली सिंधुदुर्गात. घरगुती मुक्काम देणाऱ्यांच्या घरात तेव्हा स्वतःचेच पंधरा पाहुणे. खोली मिळाली तरी तुमच्याकडं बघायला कुणी मोकळं नसतं.

२ ऑक्टोबर आणि दिवाळीला जोडून आलेल्या सुट्ट्या : दर दीडपट.

राहिलं काय? पितृपक्ष. कोणी सहलीला निघत नाही, गाड्या मोकळ्या, खोल्या मोकळ्या, घासाघीस करायला वाव. पावसाचा जोरही उतरलेला असतो. मंगळवार ते शुक्रवार पकडा.

सातरस्ता
पितृपक्षाला आई तयार होईल का, बघावं लागेल. 😄 बरं, मुक्कामाचं सांगा.

चुलीवरची_ताई
घरगुती मुक्कामात चौघांची एक मोठी खोली मधल्या वारी दोन हजारांच्या आसपास धरा. कमी सांगितलं तर काय वगळलंय ते विचारा. फोनवर हे प्रश्न विचारल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवू नका :

दर खोलीमागे की माणशी? नऊ वर्षांच्या मुलाचा पूर्ण धरणार का? जेवण ताटावर की पोटभर? संडास खोलीला लागून की अंगणापलीकडे? आईंसाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न. पावसात रात्री दोन वाजता अंगण ओलांडणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. कमोड आहे का? गरम पाणी गिझरचं की बंबाचं? बंब असेल तर उत्तमच, पण आदल्या संध्याकाळीच 'सकाळी सहाला चार बादल्या' म्हणून सांगून ठेवावं लागतं. लाकूड ओलं असलं की पेटायलाच अर्धा तास जातो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? झाड पडून तारा तुटणं तिकडं नेहमीचं, आणि दुरुस्तीला दिवस जाऊ शकतो.

आणि ठिकाण. आंबोली एका जागी गोळा झालेलं गाव नाही, वाड्यावस्त्या लांब पसरल्यात. 'आंबोलीत' म्हणून सांगितलेलं घर स्टँडपासून आठ किमीवर निघू शकतं. चौकुळ किंवा गेळे इथलं घर जास्त शांत आणि जंगलाला लागून, पण तिथं एसटीच्या फेऱ्या मोजक्या, प्रत्येक वेळी जीप सांगावी लागेल. तुम्ही एसटीवाले, तेव्हा स्टँडपासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आतलं घर घ्या.

जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी, सकाळी घावणे मागा. पनीर मागू नका. तिथं ते बाहेरून आणावं लागतं, म्हणून महागही पडतं आणि शिळंही मिळतं. शाकाहारी असाल तर आधीच सांगा.

टप्पावाहक
मग हिशेब असा. एसटी ३०००. तीन मुक्काम ६०००. जेवण-नाश्ता माणशी दिवसाला ४००, मुलाचं अर्धं धरून दिवसाला १४००, तीन दिवसांचे ४२००. स्थानिक जीप किंवा रिक्षा १५००. बेरीज १४,७००. बसत नाही.

दोन मुक्काम : ३००० + ४००० + अडीच दिवसांचं जेवण ३५०० + १५०० = १२,०००. काठावर बसतं. पंधराशे वर ठेवा.

सातरस्ता
दोन मुक्कामांत जाणं-येणं धरून हातात किती दिवस येतात? आणि स्वतःची गाडी नेली तर?

टप्पावाहक
दिवसाच्या गाडीनं सोलापूर-कोल्हापूर साडेपाच-सहा तास, पुढं साडेतीन-चार. पहाटे निघालात तरी पोचायला संध्याकाळ होते. म्हणजे पूर्ण दिवस एकच. दुसरा मार्ग म्हणजे रात्रीची गाडी. पहाटे कोल्हापुरात, सकाळच्या पहिल्या गाडीनं दहापर्यंत आंबोली. दोन पूर्ण दिवस मिळतात. मात्र खोली सकाळी दहाला देणार का हे आधी ठरवा. बरेच जण बारानंतर देतात.

मोटारीचं म्हणाल तर जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून ७५० किमी. लिटरला १८ चा हिशेब धरला तर ४२ लिटर, म्हणजे साधारण ४४००, वर टोल. एसटीचे ३००० आणि जीपचे १५०० मिळवले तर आकडा जवळपास तोच. चौघांना फरक पैशाचा नाहीच. रात्रीच्या प्रवासात झोप काढायची की स्टिअरिंग धरायचं, एवढाच.

भीमाकाठ
रात्रीच्या गाडीला माझा विरोध. ६८ वर्षांच्या बाईंना पहाटे चारला कोल्हापूरच्या स्टँडवर दोन तास बसवून ठेवायचं, आणि वर लगेच चार तास गाडीत? पहिला दिवस झोपण्यातच जाणार. त्यापेक्षा दिवसा जा. रेल्वेचाही विचार करा. कुर्डुवाडी–पंढरपूर–सांगोला–मिरज मार्गावर गाडी मिळाली तर आईंना आडवं होता येतं, पुढं मिरज किंवा कोल्हापूरहून एसटी. कुर्डुवाडीचा वळसा पडतो, पण पाय मोकळे राहतात.

मोटार नेणार असाल तर आजऱ्यात टाकी भरून घ्या. आणि धुक्यात मोठे दिवे लावू नका. प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. छोटे दिवे, पिवळे फॉग असतील तर तेच, आणि रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या रेषेवर नजर.

कडकभाकरी
आता सामान. सोलापूरकर इथंच मार खातो. आपण थंडीची तयारी करून जातो, तिथं लढाई ओलीची असते.

सोलापुरी चादर नेऊ नका. होय, मीच म्हणतोय. जाड सुती वीण, पाणी पिते आणि सोडत नाही. एकदा ओली झाली की त्या हवेत तीन दिवस वाळत नाही आणि वजन दुप्पट. आपले जाड टर्किश टॉवेलही तसलेच. पातळ पंचे न्या, माणशी दोन. जीन्स नको. सिंथेटिक ट्रॅक पँट पिळून दोरीवर टाकली तर सकाळपर्यंत अंगात घालण्याजोगी होते.

बॅगेवरचं पावसाळी कव्हर फसवं. पाणी पाठीकडच्या बाजूनं आत शिरतं, तिथं कव्हर नसतंच. बॅगेच्या आत कचऱ्याची मोठी जाड पिशवी अस्तरासारखी घाला, कपडे त्यात, तोंड पिळून रबर लावा. वीस रुपयांत काम होतं.

मंगळवारपेठ
चादर नको म्हणजे काय राव! घरगुती मुक्कामातल्या गोधड्यांना पावसाळ्यात बुरशीचा वास असतो. अंगाला लागायला आपली चादर लागतेच.

कडकभाकरी
मग पातळ सिंगल बेडशीट न्या, पिशवीत बंद करून. चादर घरी ठेवा, आल्यावर पांघरा.

आणि हो, खाण्याचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेणारच, माहीत आहे. कडक भाकरी कागदात गुंडाळून नेली तर दुसऱ्या दिवशी सादळून चामडं होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि डबा एकदम उघडा ठेवू नका. एका वेळेपुरत्या काढल्या की झाकण. त्यातूनही सादळल्याच तर चुलीच्या कडेला पाच मिनिटं उभ्या करा, परत कडक. चटणीला ओला चमचा लागला की ती खवट नाही, थेट बुरसटते. छोट्या-छोट्या पुड्या करा.

रानवाट
पायांचं राहिलं. रबरी फ्लोटर आणि गुळगुळीत तळव्याच्या चपला बाद. ओल्या जांभ्यावर आणि धबधब्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. खोल खाचांचा तळवा हवा. बूट भिजले की रात्री आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला. चुलीजवळ ठेवू नका, सोल सुटतो. मोजे माणशी चार जोड.

पायवाटेवर जळू लागली तर ओढू नका. नखानं आडवी खरवडली की सुटते. तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारा घटक असतो, त्यामुळे जखम बारीक असूनही बराच वेळ वाहते. घाबरू नका, दाबून धरा. आपल्या पद्धतीचा तंबाखू-चुना मोज्यांना बाहेरून चोळला तरी चालतं, फक्त मुलाच्या नको.

झुडपात हात घालू नका. मलबारी चापडा हा विषारी साप फांदीवर तासन् तास हलत नाही आणि रंगानं पानाफांदीतच मिसळून जातो. रात्री बेडूक बघायला जायचं तर स्थानिक माहितगार घेऊनच. आणि कुठलाही प्राणी हातात घेऊन फोटो नाही.

चुलीवरची_ताई
फिरण्याचा क्रम आईंच्या हिशेबानं : पहिल्या दुपारी (दिवसाच्या गाडीनं संध्याकाळी पोचलात तर दुसऱ्या दुपारी) हिरण्यकेशी. चढ फार नाही, नदीचं गुहेतलं उगमस्थान, पाणी नितळ. त्या कुंडात हातपाय धुऊ नका, साबण तर नाहीच. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही माशाची नवी जात २०२० मध्ये तिथूनच नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मुलाला पाण्यात वाकून बघायला सांगा. (हे पाणी पूर्वेला वाहत घटप्रभेतून कृष्णेत जातं. आपली सीना भीमेतून कृष्णेतच. नऊ वर्षांच्या पोराला नकाशावर बोट फिरवायला चांगला उद्योग.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत मुख्य धबधबा. स्टँडपासून तीनेक किमी, घाट उतरून. चालत जाल तर येताना सगळा चढ आणि बाजूनं ट्रक, म्हणून सावंतवाडीकडे जाणाऱ्या एसटीनं जा किंवा रिक्षा घ्या. माकडं हातातली पिशवी हिसकावतात, खाणं बाहेर काढू नका. मग जीपनं नांगरतास धबधबा आणि कावळेसादचा कडा. कावळेसादला आईंना कठड्यापासून लांबच बसवा.

रानवाट
कावळेसादला छत्री नको, रेनकोट हवा. समुद्राकडून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळून वरच वळतो. जोरात असला की दरीत पडणारं पाणीच उलटं तुमच्या अंगावर येतं. छत्री तिथं पहिल्या मिनिटाला उलटते आणि माणूस तिच्यामागं कठड्याकडं ओढला जातो. धुकं असेल तर 'काही दिसत नाही' म्हणून लगेच परतू नका. वीस मिनिटं थांबा, पडदा फाटतो. जीपवाल्याशी दर ठरवतानाच थांबायचा वेळ ठरवा, नाहीतर तो घाई करतो.

टप्पावाहक
रोख पाच-सहा हजार जवळ ठेवा, त्यातही शंभराच्या नोटा. वीज गेली की टॉवरही जातो आणि फोनवरून पैसे पाठवणं ठप्प. आईंच्या गोळ्या पाकिटातून सुट्या काढून डबीत भरू नका, ओल धरतात. पाकिटासकट झिपच्या पिशवीत. तातडीला १०८.

सातरस्ता
सगळ्यांचे आभार. दोन मुक्काम, मंगळवार-गुरुवार, दिवसाच्या गाडीनं, स्टँडजवळचं घर. येताना काय आणावं?

भीमाकाठ
आजऱ्यात उतरायला वेळ असेल तर आजरा घनसाळ तांदूळ. भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, सुवासिक. 'घनसाळ' म्हणून काहीही विकतात, तेव्हा पाच किलो घेण्याआधी अर्धा किलो घ्या. मूठभर तळहातावर घासून वास घ्या, वास नसेल तर पुढच्या दुकानात. काजूही तिथलेच घ्या, पण पिशवी फोडून एक चावून बघा. सादळलेले असतील तर परत करा.

मंगळवारपेठ
आणि चादर न्यायचीच असेल तर प्लास्टिकमध्ये न्या हो.

कडकभाकरी
न्या. आणि ओली झाली की इथं फोटो टाका.